गाभण धोंडे

मसाजीनं साहेबाचं मनगट धरलं, तेव्हा हातोडी धोंड्याच्या वीतभर वर होती.

“हितला न्हाई. खाली ओढ्यातला फोडा.”

साहेबानं त्याच्या तोंडाकडे एकवार पाहिलं, हात सोडवून घेतला आणि ओढ्याच्या काठाशी जाऊन तिथला नारळाएवढा गोल धोंडा दोन ठोक्यांत उकलला.

हैदराबादेहून आलेला हा माणिकराव साहेब चार दिवस माळावर रांगत होता. निजामाच्या राज्यात सरकारी माणूस धनगराच्या माळावर येतो तो काहीतरी उचलायलाच. गवत उचलतो, मेंढरू उचलतो, मनात आलं तर माळच उचलतो. हा धोंडे उचलत होता. धोंडे! एवढ्या लांबून धोंड्यांसाठी कोण येतं? मसाजीचा त्याच्यावर कवडीचा विश्वास नव्हता.

“हे बघा.” साहेब गुडघ्यांवर बसला. “दगड नव्हे, अंडं आहे. सरड्यासारख्या पण हत्तीएवढ्या जनावराचं, माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं. आत पिल्लू आहे. एका घरट्यात अशी अठरा, नऊ इथं, नऊ वर तुमच्या ढिगात. एवढी, आणि पिल्लासकट, जगात कुणाला सापडल्याचं मी वाचलेलं नाही.”

मसाजी वाकला. उकललेल्या धोंड्यात कणीएवढाली हाडं कमानीसारखी वळून पडली होती.

“बाहेर यायच्या आतच मेलं,” साहेब म्हणाला. “तसंच राहिलं.”

मसाजीनं वर ढिगाकडे पाहिलं. ह्याला कुणी सांगितलं?

वरच्या त्या नऊ धोंड्यांखाली त्याची लेक होती. दोन वर्षांपूर्वी मेलेलीच जन्मली. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात; कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर धोंडे रचतात. ओढ्यातले गोल धोंडे हाताशी होते, त्यानं तेच नेले होते. आणि कोवळी हाडं कशाला लागतात, ते साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. भानामतीला.

“उद्या वरचे मोजतो,” साहेब म्हणाला.

“मोजा की. आमाला काय तकलीफ?”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मसाजीनं वरचे, खालचे, सगळे धोंडे ओढ्याच्या डोहात ढकलले. मग भावाला हाक मारून दोनशे मेंढरं उतारावर घातली. वर, खाली, पुन्हा वर.

“दादा, काहून हितंच फिरवून राहिला?” सटवाजी वैतागला. “चरायला काडी न्हाई हितं. मेंढरं काय माती खातील?”

“चूप बस. हाक.”

खुरांनी सगळा उतार कुटून एकसारखा केला.

साहेब आला आणि रिकामी जागा पाहून खाली बसला. मसाजी काठी घट्ट धरून उभा राहिला. शिव्या येतील, शिपाई येईल, काहीही येईल.

“वरचे कशाला हलवलेत?” साहेबानं हळूच विचारलं. “मनगट धरलंत तेव्हाच कळलं होतं मला, तिथं तुमचं कुणीतरी आहे. लांबूनच मोजणार होतो. हात लावला नसता.”

“मोठे आले हात न लावणारे!”

साहेब उठला, पिशवी खांद्याला अडकवून कनेरगाव नाक्याच्या वाटेला लागला. तो दिसेनासा होईस्तोवर मसाजी बघत होता. मग तो उताराकडे वळला, चार पावलं एका जागेकडे चालला, थांबला, पुन्हा दुसरीकडे वळला.

दुपारी अनुसया, त्याची बायको, कळमनुरीहून माहेरपण उरकून आली. घरात टेकलीसुद्धा नाही. नव्या व्यालेल्या मेंढीचं पहिलं दूध लोटीत घेऊन ती थेट माळावर चढली. लेक गेल्यापासून पहिलं दूध तिच्याच जागेवर.

“धोंडे कुठं हायेत?”

“त्यो सरकारी माणूस उकरणार व्हता. भानामतीवाला. म्या लपवले.”

“बरं केलं. जागा कोणती?”

मसाजीनं बोट केलं.

“नक्की?”

“व्हय. बराबर तिथंच.”

तिनं त्या बोटाकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे, बराच वेळ. त्यानं नजर मेंढरांकडे वळवली.

तिनं तिथं थोडं दूध सांडलं. एक पाऊल सरकली, तिथं थोडं. पुन्हा एक पाऊल. लोटी लहान होती आणि उतार लांब. तिनं धार बारीक केली.