मुनव्वरनं मागितलेली ओव्हर

मुनव्वर मुजावर बॉलिंगला यायचा तो मॅच फसल्यावरच. सात ओव्हर दुसऱ्यांनी टाकायच्या, आठवी त्यानं. हातकणंगल्यापासून राधानगरीपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळणारे कॅप्टन त्याला मानधन देऊन बोलवायचे. आठवडाभर कागलच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहायचं आणि रविवारी कुणाची तरी मॅच वाचवायची, असं बावीस वर्षं चाललं होतं.

चौतिसाव्या वर्षी त्याचा खांदा निखळला. वेग गेला तो गेलाच. संपला गडी, असं लोक म्हणाले. मुनव्वरनं सहा महिने घरामागच्या भिंतीवर बॉल टाकून हळू चेंडू शिकून घेतला. हात पहिल्यासारखाच जोरात फिरायचा, बॉल मात्र बोटांतून निवांत सुटायचा. तो पोचायच्या आत फलंदाज बॅट फिरवून मोकळा झालेला असायचा. पुढची नऊ वर्षं त्याची सगळ्यात चांगली गेली.

यंदा राधानगरीच्या फायनलला निघताना तो बायकोला, कुलसुमला म्हणाला, "ही शेवटची मॅच. चांगलं चाललंय तवर थांबायचं."

"आजवर एकदा तरी मॅचची पहिली ओव्हर टाकलीसा का?"

"कोण देतंय?"

"मागितलीसा कवा?"

गाडीला किक मारता मारता मुनव्वर थांबला. खरंच, कधी मागितलीच नव्हती.

मैदानात गेल्या गेल्या त्यानं कॅप्टन राजवर्धनला गाठलं. "पहिली ओव्हर मला दे."

"भाई, चेष्टा करतासा व्हय?"

"एकाला दोन टाकता येत्यात की. शेवटची हायच."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मागतोय म्हटल्यावर राजवर्धनला नाही म्हणवेना.

समोरच्या संघाला त्र्याहत्तर हवे होते. नवा कोरा बॉल, सगळं निवांत, कुणावरच दडपण नाही. मुनव्वरला कसं टाकावं तेच सुचेना. दोन सिक्स गेले, एक फोर गेला. ओव्हर संपली तेव्हा एकोणीस धावा झाल्या होत्या.

"भाईंच्या घड्याळात आज एकच्या आधीच आठ वाजलं!" माईकवाला ओरडला. मैदान हसलं. मुनव्वरही हसला.

मधल्या बॉलरनी मॅच ओढून आणली. शेवटच्या ओव्हरला आठ हवे होते. राजवर्धन बॉल हातात धरून भलतीकडंच बघत होता. मुनव्वर त्याच्यासमोर गेला आणि हात पुढं केला.

"भाई, तुमीच?"

"मग कोण? आण हिकडं."

बॉल हातात आला आणि त्याचा श्वास संथ झाला. आता सगळं मैदान गप्प होतं, आणि हे त्याच्या ओळखीचं होतं. पहिल्या बॉलवर एक, दुसऱ्यावर दोन. तिसरा हुकला. चौथ्यावर सीमेवर झेल. पाचव्यावर पुन्हा एक. शेवटच्या बॉलवर चार हवे होते. धिप्पाड डावखुऱ्यानं जीव खाऊन बॅट फिरवली. बॉल अजून वाटेतच होता. तो सावकाश आला, एक टप्पा घेतला आणि मधला स्टंप पाडून गेला.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बक्षिसाच्या वेळी त्यानं माईक मागून घेतला आणि सांगितलं, "बास. थांबलो आज."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एका कॅप्टनचा फोन आला. "भाई, रविवारी शेवटची ओव्हर..."

"थांबलोय मी," मुनव्वर म्हणाला. "पर तुझा बॉलर घेऊन सकाळी घरी ये. हळू बॉल शिकवतो. सहा म्हयनं लागतील, आदीच सांगतो."