एका डोक्याचे दोन निकाल

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ताईला अकरा वर्षं झाली होती. टाकीच्या शिडीच्या बासष्ट पायऱ्या पाळीत चार वेळा चढायच्या, पातळी बघायची, उतरायचं. गुडघे आता पायरीगणिक देवाचा धावा करत. पाळीप्रमुखाची जागा मिळाली तर शिडी सुटणार होती. बाकी मानमरातबाची तिला हौस नव्हती.

यंदा त्या जागेसाठी स्वभावचाचणी आली. एकशे वीस प्रश्न. चटकन निर्णय घेता का? चूक दिसली की तोंडावर सांगता का? ताईने आपलं खरं तेच लिहिलं.

निकाल लागला आणि साहेबांनी बोलावलं. टेबलापाशी कारकून मान खाली घालून उभा.

"जरा घोटाळा झालाय," साहेब म्हणाले. "पुरुषांचा मेंदू वेगळा, बायकांचा वेगळा, म्हणून चाचणीवाल्यांनी उत्तरं तपासायला दोन तक्ते दिलेत. यांनी तुमची पुरुषांच्या तक्त्यावर तपासली."

"वर नुसतं आडनाव होतं, पुढे पंपचालक," कारकून पुटपुटला. "म्हटलं, बाप्याच असणार."

पहिल्या निकालावर होतं: खंबीर, स्पष्टवक्ता, प्रमुखपदास योग्य. फेरतपासणीच्या निकालावर: हट्टी, तोंडाळ, सांभाळून घ्यावे लागेल. माणसं घडवणाऱ्याने ती घडवताना असे दोन तक्ते वापरले होते की नाही, त्याचं तोच जाणे.

"उत्तरं तीच?" ताईने विचारलं.

"तीच."

"मग उद्या कुठलं डोकं घेऊन येऊ? देवानं तर एकच दिलंय."

कारकुनाने हसू खोकल्यात लपवलं.

"रागावू नका ताई. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे. तेव्हा जरा मवाळ लिहा."

सहा महिने! ताई मनातल्या मनात तेवढ्या दिवसांच्या पायऱ्या मोजायला लागली आणि मध्येच तिने तो नाद सोडला. तिने खुर्ची ओढली, न विचारता बसली.

"रागावले नाही साहेब, दमलेय. दोन्ही निकालांवर सही करा नि एकाच फायलीत लावा. वरचे ठरवतील, मी कुठली ते."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले. बाई एक, उत्तरं एक, खाली सही आपलीच. वरचे काय विचारतील हे त्यांना कुठल्याही तक्त्याशिवाय कळलं. दुसऱ्या कागदाची घडी करून त्यांनी ती खणात सारली आणि पहिल्यावर शिक्का मारला.

"झालं. अभिनंदन, पाळीप्रमुख!"

ताई उठेना.

"अहो ताई, मिळाली की जागा," कारकून म्हणाला. "आता काय?"

"काही नाही रे बाबा. गुडघ्यांना अजून बातमी पोचायचीय."