काठाबाहेर सांडलेले तारे

मित्रांनो, मी तंबूतल्या सिनेमाचा पडदा. आता म्हातारा झालो आहे. अंगावर ठिगळं आहेत आणि कडेची काळी पट्टी उन्हानं तपकिरी पडली आहे. तुम्हाला वाटेल, या पडद्यानं जन्मभर किती सिनेमे पाहिले असतील! खरं सांगू? एकही नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं, ते मला दिसत नाही. मला दिसतात ते बघणाऱ्यांचे चेहरे. नायक रडला की समोरचे डोळे भरतात, त्यावरून मला कळतं. गोष्ट मी ऐकतो कानांनी आणि वाचतो चेहऱ्यांवर.

माझा जन्म नगरचा. कल्याणनं कापडबाजारातून जाड पांढरा मांजरपाट आणला आणि त्याची बायको सविता हिनं घरच्या शिलाई मशीनवर पन्हे जोडून मला शिवलं. शिवण चित्रात दिसू नये म्हणून तिनं टाके इतके बारीक घातले की हात फिरवला तरच जोड लागावा. कडेला काळी पट्टी, पट्टीत लोखंडी कड्या. पहिल्यांदा मला ताणून बांधलं आणि माझ्यावर उजेड पडला, तेव्हा अंगावर कोवळं ऊन पडल्यासारखं वाटलं होतं.

मग आम्ही फिरू लागलो. टेम्पोत तंबू, बांबू, मशीन आणि वर घडी घातलेला मी. आज या गावची जत्रा, परवा त्या गावचा उरूस. कल्याण प्रोजेक्टर चालवी, सविता दारावर बसे. लोक म्हणत, "कल्याणशेठ, पडदा लई झ्याक हाय बरं का तुमचा!" ते ऐकून मी वाऱ्यावर उगाच फुगत असे.

तंबूत मला मधोमध बांधत. एका बाजूला मशीन, आणि त्या बाजूला गावकरी बसत. माझ्या पाठीमागे बसत ऊसतोडीला आलेली माणसं. चित्र कापडातून आरपार जाई, पण मागून उलटं दिसे. देव डाव्या हातानं आशीर्वाद देई आणि नायिका पदर भलत्याच खांद्यावर घेई. असं बसायचं हे कुणी ठरवलं, मला ठाऊक नाही. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शेतांकडे होत्या, ती माणसं तंबूच्या मागच्या दारानं येत, आणि मागच्या दारानं आलं की मागंच बसायचं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुणतांब्यापासून खाली, गोदावरीकाठच्या एका गावात जत्रा होती. उसाचा हंगाम जोरात होता. त्या वर्षी कल्याणनं एक नवाच सिनेमा आणला होता, अंतराळातला.

तो सिनेमा मला अजून स्वप्नासारखा आठवतो. गडद निळा उजेड माझ्यावर उतरला आणि त्यात बारीक बारीक ठिणग्या टोचू लागल्या. ते तारे होते. तंबूतली सगळी कुजबुज थांबली. गोष्ट मला नंतर लोकांच्या बोलण्यातून जुळली, ती अशी होती, की पृथ्वी सुकून गेली आहे आणि माणसं एका प्रचंड यानात बसून दुसऱ्या सूर्याकडे निघाली आहेत. यानाच्या वरच्या मजल्यावर बागा आहेत, कारंजी आहेत. खालच्या मजल्यावर माणसं रात्रंदिवस एक चाक फिरवतात, त्यावर साऱ्या यानाची हवा चालते. पण हवा तयार करणाऱ्यांनाच कप्तान सांगतो, "हवा कमी आहे. जरा कमी श्वास घ्या."

हे ऐकल्यावर माझ्या पाठीमागे कुणीतरी हसलं. ती रंगुबाई होती, खर्ड्याकडून तोडीला आलेली. दिवसभर उसाच्या फडात वाकून आलेली, मांडीवर मुठी ठेवून ती ताठ बसली होती. शेजारी तिची सून पंकजा, नववीपर्यंत शिकलेली. रंगुबाई तिला म्हणाली, "आपला मुकादम बी असंच बोलतो की गं."

मग खालच्या मजल्यावरची एक मुलगी उठते आणि लोखंडी भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिते. संगीत थांबतं. चाक फिरवणारे सगळे ते वाचतात आणि एकमेकांकडे बघू लागतात. माझ्या पुढच्या बाजूचे चेहरेही एकदम गंभीर झाले. मागच्या बाजूला मात्र नुसती चुळबूळ.

"काय लिवलंय गं?" रंगुबाईनं विचारलं.

पंकजानं डोळे बारीक केले. "आक्षरं उलटी हायती आत्या. न्हाई लागत."

"आवं, काय लिवलंय?" रंगुबाईनं पुढच्या बाजूला मोठ्यानं विचारलं. पुढून नुसतं "शूऽऽ" आलं. तेव्हा ती उठली, पदर खोचला आणि माझ्या कडेच्या बांबूला वळसा घालून सरळ पुढं आली. पाठोपाठ पंकजा. पंकजानं मान वर करून मोठ्यानं वाचलं, "हवा कुणाची?"

सासू-सुनेच्या डोळ्यांत तेव्हा जे चमकलं, ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांच्यामागून एकेक करत तोडकऱ्यांची सारी टोळीच पुढं आली आणि कडेनं उभी राहिली.

सहादेव तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. जत्रेची कमिटी त्यांच्याच हातात. तंबूला जागा द्यायची की नाही, हे तेच ठरवत. ते म्हणाले, "ए बाई, बाजूला व्हा. तुमची जागा मागं हाय."

"मागं आक्षरं उलटी दिसत्यात, तात्या."

"इतकी वर्सं दिसत हुती, तवा चाललं. आजच काय झालं?"

रंगुबाई म्हणाली, "इतकी वर्सं कुनी लिवलंच न्हवतं."

गलका झाला. कुणी ओरडलं, "बसा खाली!" कुणी शिट्टी मारली. तात्या उठून कल्याणला म्हणाले, "मशीन बंद कर. ह्यांना मागं घाल, न्हाईतर पुढच्या सालाला जागा इसर."

कल्याणनं चित्र थांबवलं आणि तंबूतला बल्ब लावला. त्याचा चेहरा मी समोरून बघत होतो. या गावची जत्रा गेली तर शेजारच्या गावांतही तंबू लागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो रंगुबाईकडे बघे, पुन्हा तात्यांकडे बघे. शेवटी त्यानं सविताकडे बघितलं.

सविता दारावरून उठून आली. तिनं सरळ माझी दोरी सोडायला घेतली.

"अगं, काय करतीस?"

"पडदा मागं नेते. पार मागच्या कनातीला बांधू. म्हणजे याला पाठच राहायची नाही." दोरीची गाठ दातांनी सोडवत ती म्हणाली, "मीच शिवलाय हा, पण मागं जाऊन बसले नाही कधी. धर ना ते टोक!"

कल्याणनं टोक धरलं. टोळीतल्या माणसांनी बांबू उचलले. घाईत एका खिळ्याला अडकून माझा कोपरा टर्रकन फाटला. दुखलं, मित्रांनो. पण त्या वेळी मला ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

मला मागच्या कनातीला, तंबूच्या कापडी भिंतीला, बांधलं आणि एक गंमत झाली. मागची जागा आता सगळ्यांत पुढची झाली होती! टोळीची माणसं आपल्याच जागी परत जाऊन नुसती तोंड वळवून बसली, तर ती पडद्याच्या अगदी पुढ्यात.

"ह्ये तर लईच झालं," तात्या तणतणले. "आता आमी मागं व्हय?"

तेवढ्यात त्यांची आई, मालनबाई, बसायचं पोतं काखेत मारून उठली. "मला लांबचं दिसत न्हाई बाबा," असं म्हणत ती तुरुतुरु चालत पुढं आली आणि रंगुबाईला म्हणाली, "सरक गं माय जरा." रंगुबाई सरकली. म्हातारीनं पोतं अंथरलं आणि बसून मागं वळली. "सहादेवा, लावू दे की मशीन. त्या पोरीचं फुडं काय झालं?"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. काहीजण त्यांच्यासोबत उठून गेले, बाकीचे बसून राहिले. कल्याणनं मशीन लावलं.

मी लांब गेलो होतो, म्हणून चित्र माझ्यापेक्षा मोठं झालं. काळ्या पट्टीत ते मावेना. तारे माझ्या काठाबाहेर सांडले, कनातीवर गेले, छताच्या झोळावर चढले. कल्याण मशीन मागं घेऊ लागला, तर लोकच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" त्या उजेडात तंबू हळूच जमिनीवरून उचलला गेला असावा, असं मला वाटत राहिलं. गावकरी, तोडकरी, पोत्यावरची म्हातारी, सगळेच काळ्या आभाळातून कुठल्यातरी नव्या सूर्याकडे चाललेले.

सिनेमात खालच्या लोकांनी शेवटी चाक थांबवलं. मारामारी नाही, आरडाओरडा नाही, नुसते हात खाली सोडले. तेव्हा वरच्यांना पहिल्यांदा स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला आणि कप्तानानं दार उघडलं. तंबूत टाळ्या पडल्या.

बाहेर पडताना पंकजा खूश होती. "बरं झालं आत्या, दार उघडलं."

"उघडलं, पर कप्तान त्योच ऱ्हायला की," रंगुबाई म्हणाली. "उद्या परत लावंल."

"मग काय करायचं व्हतं?"

रंगुबाईनं खोचलेला पदर सोडला. "हुबं ऱ्हायाचं दारात," ती म्हणाली आणि दोघी कोपीकडे निघून गेल्या.

तात्यांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी आम्हाला तिथं जागा मिळाली नाही, आणखी दोन-चार गावांतही नाही. तरी कल्याणनं मला पुन्हा कधी मधोमध बांधलं नाही. पुढं सिनेमा मोबाईलवर आला आणि जत्रेतली गर्दी तंबूकडे वळेना. कल्याणनं तंबू मोडला आणि नागापूरला कारखान्यात कामाला लागला. मी माळ्यावर पडलो. उंदरांनी घडीत घर केलं. एकदा मला कांद्याच्या ढिगावर टाकलं होतं, त्याचा वास बरेच दिवस अंगाला होता.

एक दिवस सविताला राहवलं नाही. तिनं मला धुतलं, ठिगळं लावली आणि तोडकऱ्यांच्या मुलांसाठी साखर कारखान्याजवळ साखरशाळा चालते, तिथं नेऊन दिलं. म्हणजे तुमच्याच शाळेत, मित्रांनो! तुमची खोली एक आणि वर्ग दोन. बाईंनी मला मधे दोरीवर टाकलं. इकडे तिसरी, तिकडे चौथी.

आहे हे असं आहे. माझी तक्रार नाही, पण थोडं मागणं आहे. माझ्या अंगाला हात पुसू नका. माझ्या कड्या ओढू नका, शिवण फार जुनी आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा ऊन दाखवा. जुन्या कापडाला एवढं पुरतं. आणि मी मधे टांगलेला असलो, तरी मी भिंत नाही हे विसरू नका. पलीकडच्या कुणाला गणित अडलं, फळ्यावरचं दिसेना, तर मला हातानं बाजूला सारा. मी लगेच सरकतो.