मला नारळपाणी सोसत नाही

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हौद आहे. पण माझ्यात ना कुणी कपडे धुतले, ना माझ्यावर कधी म्हशी पाणी प्यायल्या. म्हैसूरच्या हूटगळ्ळीत अंबाजीरावांची पत्रे कापायची शेड आहे. तिथे मी प्लाझ्मा मशीनखाली बसतो. वरचा जाड पत्रा ज्योतीने कापला जातो. धूर, ठिणग्या आणि वितळलेलं लोखंड मी पोटातल्या पाण्यात घेतो. काम घाणीचं आहे, पण मला त्याची लाज वाटत नाही.

अंबाजीरावांनी उभं तारुण्य कोरड्या टेबलावर पत्रे कापण्यात घालवलं. तो धूर त्यांच्या छातीत घर करून बसला. म्हणून त्यांची लेक जयलक्ष्मी कारभार बघू लागली, तेव्हा तिने सर्वांत आधी मला बनवून घेतलं. मी आलो आणि त्यांचा खोकला कमी झाला. आजूबाजूचे शेडवाले मला बघायला येत, तेव्हा मी जरा फुगतच असे.

मग दसऱ्यातली आयुधपूजा आली. मला गंध-कुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. अंबाजीरावांनी नारळ फोडला आणि भक्तीने ते पाणी माझ्यात ओतलं. वर दूध-साखरेचं तीर्थही ओतलं. शेडला कुलूप लागलं. सुट्टी संपली तेव्हा माझा वास मलाच सहन होईना. वर साय, खाली काळा गाळ! माझ्यावर कापलेले पत्रे गंजले, म्हणून येलवालच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या गिऱ्हाइकाने ते परत पाठवले.

"बेडा, नको हा हौद!" अंबाजीराव चिडले. "नीर सोडून दे. पूर्वीसारखं कोरडंच कापू."

"आणि तुमची छाती, अप्पा? हौदाचं काय चुकलं? तुम्ही नारळपाणी ओतलं की!"

"देवाचं तीर्थ नासतं म्हणतेस? अय्यो, सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको."

मला फार वाईट वाटलं. आता मला रिकामं करणार, अशी भीती वाटू लागली.

पण जयलक्ष्मी हट्टाला पेटली. तिने दोन बादल्या भरल्या. एकीत बोअरचं पाणी आणि नारळपाणी, दुसरीत क्षार काढलेलं पाणी आणि गंज रोखणारं औषध. दोन्हींत नव्या पत्र्याचे तुकडे टाकून तिने बादल्या वडिलांच्या खुर्चीपाशीच ठेवल्या. काही दिवसांत पहिलीला वास सुटला, तुकडा तांबडा झाला. दुसरीतला होता तसाच राहिला. अंबाजीरावांनी वाकून दोन्ही तुकडे उचलून पाहिले.

"जया, खोरं आण. गाळ काढतो."

"अप्पा, तुम्ही बेडा. गडी आहेत की."

"मी ओतलं, मीच काढतो."

नाकाला पंचा बांधून त्यांनी मला तळापर्यंत खरवडलं. गाळ गटारात न टाकता ड्रमात भरला. मग चांगलं पाणी आणि औषध घातलं. आता ते रोज पट्टी बुडवून पाणी तपासतात, वरचा तवंग काढतात, पातळी पत्र्याला टेकती ठेवतात.

मित्रांनो, मला कुंकू लावा, हार घाला. मला ते आवडतं. पण ज्याच्यावर जीव आहे, त्याला काय सोसतं ते आधी बघा. माझं पाणी नासलं की माणसं मला रिकामं करायला निघतात, आणि मी रिकामा झालो की धूर पुन्हा माणसाची छाती शोधतो. मी भरलेला आहे तोवर त्याला अंबाजीरावांपर्यंत पोहोचू देणार नाही.