साहेब मले 'तुम' म्हनते

माणसाला मान द्यायला जावं आणि त्याला तो अपमान वाटावा, तर चूक कोणाची? या एका प्रश्नावर मी सध्या डोकं आपटते आहे.

मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, बोरगावच्या रस्त्याला आमची संत्र्यांच्या पॅकिंगची कंपनी आहे. हॉलमध्ये बायका संत्री निवडतात, पुसतात, पेट्यांत भरतात. त्यांच्यावर मी, सोनाली. काम सुपरवायझरचं, पण दोन हंगाम झाले तरी 'तात्पुरती'. पक्कं व्हायचं तर मॅनेजरसाहेबांची शिफारस लागते. आणि जुने साहेब बदलून दिवाळीनंतर नवे आले, ते ग्वाल्हेरकडचे.

पहिल्याच दिवशी साहेब हॉलमध्ये आले. मी खुर्ची पुढे केली, ओढणीनं पुसली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सर, तुम बैठो ना. तुम चाय लोगे?"

साहेब बसले नाहीत. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि निघून गेले. त्यानंतर माझ्या नमस्काराला उत्तर मिळेना. कामाचं सांगायचं तेवढं तुटकपणे सांगत, आणि हॉलबद्दल काही विचारायचं असेल तर ऑफिसातल्या गजेंद्रला विचारत. हॉलमध्ये काय चाललंय ते गजेंद्रला काय ठाऊक? तो मला विचारायला यायचा आणि परत जाऊन साहेबांना सांगायचा. हा वळसा बरेच दिवस चालला. शेवटी मीच गजेंद्रला धरलं. तो इथल्याच सौंसरचा, पण भोपाळला शिकलेला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

"तू साहेबाले 'तुम' म्हनून राहिली ना ताई," तो म्हणाला, "म्हनून ते चिडले हायेत."

"मंग? 'तू' थोडीच म्हनलं? 'तुम्ही'च म्हनलं ना!"

"हिंदीतलं 'तुम' म्हनजे आपलं 'तुम्ही' नसते वो. बरोबरीच्याले, नाहीतर खालच्याले म्हनतेत. साहेबाले 'आप' लागते."

आता मला सांगा, जन्म इथे गेला. पांढुर्ण्याच्या बाजारात, छिंदवाड्याच्या बसमध्ये, दवाखान्यात डॉक्टरशी, सगळीकडे मी हिंदीच बोलते, आणि सगळ्यांना 'तुम'च म्हणते. कोणी तोंड वाकडं केलं नाही. आमच्याकडे 'आप' म्हणायची ती रेडिओवरची बाई, नाहीतर मतं मागायला आलेला माणूस. मी साहेबांना माझ्याजवळचा सगळ्यात मोठा मान दिला होता, आणि तो त्यांच्याकडे पोचेपर्यंत लहान झाला.

पण खरी मेख पुढेच होती. रात्री पोळ्या लाटताना एकदम डोक्यात आलं, की साहेबही मला 'तुम'च म्हणतात. "सोनाली, तुम पेटी गिनवाओ." "तुम कल जल्दी आना." आणि मी ते 'तुम्ही' ऐकत आले होते! इतकंच नाही, ते मी घरी सांगितलंही होतं. माझी माय, मंगला, जन्मभर दुसऱ्यांच्या संत्र्यांच्या बगिच्यात राबली. तिला मालकांनी कधी नावानंही हाक मारली नाही, 'ए बाई' हेच तिचं नाव. तिला मी म्हणाले होते, "माय, साहेब चिडेल हाय, पन मले तुम्ही म्हनते." तिनं ते गल्लीभर सांगितलं. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू, की ते 'तुम्ही' नव्हतंच? नाही सांगितलं. पोळी करपली. मला साहेबांचा राग आला, त्याहून जास्त माझ्या कानांचा आला.

तरी नोकरी पक्की व्हायला हवी होती, म्हणून 'आप' शिकायला बसले. 'आप' एकटं येत नाही, मागून सगळं वऱ्हाड आणतं. 'आप बैठो' चालत नाही, 'बैठिए'. 'आप लेओ' तर मुळीच नाही. हॉलमधल्या बायका हसून हसून बेजार. साहेबांसमोर मी जीव मुठीत धरून म्हणाले, "सर, आप देखिए, पेटियाँ भर गयी हैं."

साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, "हाँ, अब ठीक है. तुम सीख जाओगी."

मीही हसले. दुसरं काय करणार?

मग नागपूरहून कंपनीचे मालक आले, पक्का सुपरवायझर कोणाला करायचं ते ठरवायला. साहेबांनी गजेंद्रचं नाव पुढे केलं होतं. तरी मला हायसं वाटलं, कारण मालक मराठी. आपल्या भाषेत तरी पाय घसरणार नाही, असं मनाशी म्हणत मी गजेंद्रबरोबर केबिनमध्ये गेले. मॅनेजरसाहेब मालकांच्या शेजारी बसले होते.

"बसा," मालक गजेंद्रला म्हणाले. "तुमचं आडनाव काय? कोणत्या गावचे तुम्ही?" त्यानं सांगितलं. मालकांना ओळखीचं निघालं, त्याच्या काकांची चौकशी झाली.

मग माझ्याकडे वळले. "आणि तू गं? नाव काय तुझं?"

मी आडनावासकट सांगितलं. "हं," एवढंच ते म्हणाले. कोणाची चौकशी केली नाही. बस म्हणाले नाहीत. मी बाई म्हणून, की आडनावामुळे, की दोन्ही मिळून, ते मला अजून कळलेलं नाही.

"तुझं काम मी ऐकून आहे," मालक म्हणाले. "हॉल तू छान सांभाळतेस. माझ्या मते सुपरवायझर तूच—"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, हे मला कळत होतं. पदाची माळ गळ्यात पडत होती. पण छातीत जे साचलं होतं ते आता आवरेना.

"साहेब," मी मालकांना म्हणाले, "तुम्ही गजेंद्रले तुम्ही म्हनलं. मले बी तुम्ही म्हना."

मॅनेजरसाहेबांनी गजेंद्रला विचारलं, "क्या बोल रही है?" गजेंद्रनं मान खाली घातली.

मालक मोठ्यानं हसले. "अगं, तू मला मुलीसारखी! आपल्या माणसाला आपण तूच म्हणतो ना?"

"मंग गजेंद्र बी तुमच्या पोरासारखाच हाय. माह्याहून लहान हाय तो. त्याले बी तू म्हना."

मालकांचं हसू विरलं. त्यांनी गजेंद्रकडे बघितलं. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढा मोठा माणूस, पण एक 'तू' त्याच्या जिभेवरून खाली उतरेना. मला वाटलं, आता गेली नोकरी. साहेब तर खुर्चीत सरसावून बसले होते.

पण हॉल कोणामुळे चालतो ते मालकांना माहीत होतं. त्यांनी समोरच्या कागदांत डोळे घातले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"ठीक आहे. सोमवारपासून सुपरवायझर म्हणून काम बघायचं. ऑर्डर ऑफिसमधून घ्यायची. आणि जरा सांभाळून बोलायचं."

मी वाट बघत उभी राहिले. काम बघायचं, ऑर्डर घ्यायची, सांभाळून बोलायचं. कोणी? त्यात 'तू' नव्हतं, 'तुम्ही'ही नव्हतं. एवढी वाक्यं बोलले, पण एकातही मला शिवले नाहीत.

"यायचं आता," मालक म्हणाले.

मी दाराशी पोचले तेव्हा गजेंद्रही उठला होता. मालकांनी त्याला हातानं थांबवलं. "तुम्ही बसा हो," ते म्हणाले, "चहा घेऊन जा."