टेबलाखालचा डबा

ऑफिसात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. औषधपाण्याशी काही संबंध नाही हो. तेहतीस कॉम्प्युटर आणि त्यांची दुखणी, एवढीच त्याची प्रॅक्टिस. जिन्याखालच्या खोलीत त्याचं एक कपाट होतं. मेलेल्या मशीनचे पंखे, मेमरीच्या पट्ट्या, वायरींची भेंडोळी, सगळं त्यात. एकाचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं. अकरा वर्षांत त्याने एकही टेबल दिवसभर बंद राहू दिलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

तर सोमवारी मोठ्या मॅडमनी त्याला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक नवंकोरं मशीन.

"ऑल-इन-वन आहे," मॅडम म्हणाल्या. "स्क्रीनच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर, खाली डबा नाही. सगळीकडे हेच घ्यावेत का? आठवडाभर चालवून बघा आणि फायदे-तोटे लिहून शुक्रवारी द्या."

"आणि दुरुस्ती?"

"कंपनीचा माणूस येईल. हे आपल्याला उघडता येत नाही म्हणे." मॅडम चष्मा पुसत राहिल्या. "मग तुमच्या जागेचंही बघावं लागेल. बाहेरून कानावर येण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

चोपन्न वर्षांचा माणूस. या वयात त्याला कोण दारात उभं करणार? आणि वर हुकूम असा, की स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्या, तोही सुवाच्य अक्षरात.

घरी बायकोने विचारलं, "मग काय लिहिणार?"

"तोटे."

"खरे?"

"खरेच. हवे तेवढे आहेत."

आणि होतेच. स्क्रीन गेली की सगळंच गेलं. एक भाग बिघडला तरी अख्खं मशीन उचलून पाठवा. मेमरी वाढवायची म्हटली तर जागा नाही, स्क्रीन वर-खाली करायची म्हटली तर तेही नाही. तोट्यांनी पान भरलं. फायद्यांखाली त्याने लिहिलं, वायरी कमी, दिसायला बरं. आणि पेन खाली ठेवलं.

आता चाचणी कुणाच्या टेबलावर घ्यायची? डॉक्टरने फार विचार केला नाही. मशीन नेऊन ठेवलं थेट टपालबाईंच्या टेबलावर. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र त्या नोंदवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन शब्द सुनवायच्या. तिरकं बोलतात, तिरक्या बसतात, असं ऑफिस म्हणायचं. बसायच्याही खरंच तशाच, खुर्ची वळवून आणि मान मुरडून. ही बाई नव्या मशीनची सालटी काढणार याची डॉक्टरला खात्री होती. त्यांचा जुना डबा त्याने जिन्याखाली नेऊन ठेवला आणि वाट बघत बसला.

बुधवारपर्यंत एकही तक्रार नाही. शेवटी तोच गेला बघायला, आणि दारातच थबकला.

टपालबाई सरळ बसल्या होत्या. खुर्ची सरळ, मान सरळ आणि डावा पाय टेबलाखाली सरळ लांब केलेला. त्या पायाच्या गुडघ्याला फार पूर्वी मार बसलेला, तो पुरता वाकत नसे. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. डॉक्टरलाही. पण प्रत्येक टेबलाखाली डावीकडे, भिंतीपासून हातभर पुढे, झाकणाची बाजू पायाकडे करून डबा कुणी ठेवला होता? त्यानेच. न हलवता झाकण उघडता यावं म्हणून. या मांडणीचं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकही सांगायचा.

"बाई," तो म्हणाला, "डबा पायात यायचा का तुमच्या?"

"यायचा की."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत? एरवी तर कुणाला सोडत नाही."

"काय बोलू? एवढं मन लावून बसवलेलं तुम्ही. आणि बंद पडलं की टॉर्च तोंडात धरून माझ्या टेबलाखाली पालथे पडायचात. अशा माणसाला म्हणू, तुमचा डबा मला नडतो?"

डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने भरलेलं पान फाडलं. दुसऱ्या पानावर तोटे होते तेवढे लिहिलेच, पण फायद्यांत पहिला लिहिला, पाय लांब करता येतात. आणि खाली, घ्यावेत.

बायकोने वाचलं. "आपलं कसं होईल?"

"बघू."

"वेडे आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि चुरगळू नये म्हणून ते पान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिलं.

शुक्रवारी तो केबिनमध्ये गेला तर टपालबाई आधीच तिथे बसलेल्या. मॅडमनी पान वाचलं, परत वाचलं.

"ज्यांची नोकरी जाणार ते म्हणतात घ्या. ज्यांना सुख झालं त्या मघाशी सांगतात, नको. मला कुणी समजावून सांगाल का?"

"काल ते अडकलं होतं," टपालबाई म्हणाल्या. "मशीनवर चिकटवलेल्या कंपनीच्या नंबरवर फोन केला. माणूस अठ्ठेचाळीस तासांत येईल म्हणाले. नशिबाने आपोआप सुरू झालं. डॉक्टर दोन मिनिटांत येतात. माझा पाय काय, त्याला सवय आहे."

"मला का नाही सांगितलंत?" डॉक्टरने विचारलं.

"तुम्ही तोटा म्हणून लिहिला असतात आणि लोक म्हणाले असते, स्वतःसाठी लिहिला."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मला यातलं फारसं कळत नाही. पण तो डबा टेबलाखालीच का? शेजारच्या बुटक्या कपाटावर ठेवला तर चालत नाही का?"

डॉक्टरने कपाटापासून टेबलापर्यंतचं अंतर मनात मोजलं.

"चालतो," तो म्हणाला. "वायरी लांब लागतील."

"मिळतात?"

"आहेत. माझ्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. अकरा वर्षांपासून. आखूड वायरी नीटनेटक्या दिसतात म्हणून मीच..."

टपालबाईंना तिरकं बोलायची एवढी नामी संधी पुन्हा मिळाली नसती, पण त्यांनी ती जाऊ दिली.

"जुनं खरंच संपेल तिथेच नवीन घ्यायचं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हातात संपतात का?"

"सहसा नाही."

"मग तुमची जागा कुठे जाणार आहे? पण उरलेल्या बत्तीस जणांना आज विचारून या, कुणाला काय टोचतं ते."

त्याने सगळ्यात आधी टपालबाईंचा डबा वर आणला आणि खिडकीशेजारच्या कपाटावर ठेवला. इतकी वर्षं तो डबा त्याने टेबलाखालच्या अंधारात, टॉर्चच्या उजेडातच पाहिला होता. आता दिवसाच्या उजेडात झाकणावरचा पट्टा दिसला. तळापासून वीतभर उंचीवर रंग घासून घासून पत्रा उघडा पडला होता, बरोबर चपलेच्या कडेएवढा रुंद. हा पट्टा त्याच्या ओळखीचा होता. रंगच हलक्या प्रतीचा असेल असं समजून मध्ये एकदा त्याने तिथे नवा हातही मारला होता. तोही घासून गेला होता.

त्याने त्यावर अंगठा फिरवला. मग टेबलाखाली वाकून लांब वायर ओढून घेतली, आणि कारण नसताना तिथेच बसून राहिला.

"डॉक्टर, झालं असेल तर बाहेर या," वरून टपालबाईंचा आवाज आला. "मला पाय ठेवायचाय."