शंभरावर बंद पडणारी कढई

टक् करून कढई पुन्हा बंद पडली. सकाळपासून सातव्यांदा. उरेन्माच्या डोक्यात तिडीक गेली.

विजेवर चालणारी ही भली मोठी कढई तळ्याकाठच्या मीठ करणाऱ्या बायकांना मदत म्हणून मिळाली होती. पावसाळ्यात तिची चाचणी झाली, तेव्हा तळ्यातलं खारं पाणी उपसायला तळ्याच्या देवीची दर पावसाळ्यासारखी मनाई होती. म्हणून ओढ्याचं पाणी ओतलं आणि ते कसं खळाखळा उकळलं. ते पाहून ह्या शहाणीने, उरेन्माने, बायकांची म्होरकी ना ती, सगळ्यांना मातीच्या चुली मोडायला लावल्या. धुराने डोळे जायचे तरी वाचतील, म्हणाली. आता मनाई उठली होती, घागरी भरभरून खारं पाणी आलं होतं, आणि मेलं उकळायचं नाव घेत नव्हतं.

"साहेब, काहीतरी करा."

इंजिनिअर उडोकाने तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. "मावशी, यंत्र ठणठणीत आहे. पाणी शंभर अंशाला उकळतं. शंभर झाले की कढई आपोआप बंद होते."

"पण हे उकळलंय कुठे?"

"मग तुमच्या पाण्यातच खोट आहे."

"खोट नाही हो, मीठ आहे. मीठ असलं की पाणी उकळायला जास्त ताव लागतो, आटत गेलं की आणखी जास्त. चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही पोरीला विचारा. जाऊ द्या ना त्याला शंभराच्या पुढे."

"ती शंभराची मर्यादा कारखान्यातच बदलतात. तीन महिने लागतील."

"तीन महिन्यांनी पाऊस येईल. मग काय ओढ्याचं पाणी उकळत बसू?"

उडोका फोन कानाला लावून बाजूला झाला. कपाळ बडवून घ्यावं असं तिला वाटलं. मागे एकोणतीस बायका भरलेल्या घागरींपाशी उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे वळली.

"चुली मी मोडायला लावल्या," ती म्हणाली. "द्या काय शिव्या द्यायच्या त्या."

"शिव्यांनी मीठ होतं का गं?" सगळ्यांत थोरली ओगेरी म्हणाली. "माती तुडव. आधी आमच्या चुली, मग तुझी."

तीन दिवसांना एक चूल, वर ती वाळायला पंधरा दिवस. एकोणतीस चुली होऊन उरेन्माची पाळी येईपर्यंत मोसम संपणार होता. नेसूचं वर खोचून ती चिखलात उतरली.